एकदा जेवायला भेटू या

शंकेची पाल इतरांच्या मनात अधूनमधून चुकचुकते. योम दोक-चान यांच्या मनात तिने बिऱ्हाडच केलं होतं. चोंग्जू शहराच्या पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासण्यात त्यांची उभी हयात गेली, आणि निवृत्तीनंतरही समोर येईल त्याचं मीटर तपासायची सवय गेली नाही. सफरचंदाची पेटी घेतली की ते दुकानातच ती उलटी करून खालचा थर बघत. डॉक्टरने 'तब्येत उत्तम आहे' म्हटलं की दुसऱ्या डॉक्टरकडे जात. लिफ्टमध्ये कुणी हसून मान लववली, तर घरी येऊन बायकोला विचारत, "नवव्या मजल्यावरचे आज हसले. काय पाहिजे असेल?"

"काही नको असेल हो," सोरिमची आई म्हणे. सोरिम ही त्यांची मुलगी. तिच्या आईला स्वतःचंही एक नाव होतं, पण ते आता फक्त बँकेला ठाऊक होतं.

अशा माणसाच्या हातात सोरिमने सगळ्यात नवा आणि सगळ्यात हुशार मोबाइल दिला. चूक तिची नव्हती. योमसाहेबांचा जुना फोन बटणांचा होता, मधोमध दुमडणारा. त्याला काही म्हणजे काहीच येत नसे, म्हणून योमसाहेबांचा त्याच्यावर विश्वास होता. यंदा हिवाळ्याच्या तोंडावर वर्षभराची किमची घालायला काढली, तेव्हा मिठाच्या पाण्यात मुरत पडलेल्या कोबीवर ते देखरेख करायला वाकले आणि शर्टाच्या खिशातून फोन टबात गेला. वर काढला तेव्हा त्याला कोबीची पानं चिकटलेली होती आणि त्याचा प्राण गेलेला होता.

"तू ढकललास ना?" त्यांनी बायकोला विचारलं.

"माझे हात कोपरापर्यंत लाल तिखटात आहेत," ती म्हणाली. "ढकलला असता तर खिशावर डाग नसता पडला?"

योमसाहेबांनी खिसा नीट पाहिला. डाग नव्हता. बायकोवरचा आरोप त्यांनी पुराव्याअभावी तूर्तास बाजूला ठेवला.

नवा फोन सोलहून कुरियरने आला. "बाबा, आठवडाभर वापरून बघा," सोरिम आईच्या फोनवर म्हणाली. "नाही आवडला तर शनिवारी कुरियरवाला येऊन घेऊन जाईल. पण उगाच खोड काढू नका हं त्याच्यात."

खोड काढू नका म्हणजे खोड आहे, हे योमसाहेबांना लगेच कळलं. त्यांनी फोन जेवणाच्या टेबलावर उताणा ठेवला, चष्मा पुसला आणि मुलगी बघायला गेलेल्या मुलाच्या काकांसारखे त्याच्यासमोर बसले. गुण किती जुळतात ते बघूनच होकार द्यायचा होता.

पहिल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी गॅलरीतून चंद्राचा फोटो काढला. फोटोत चंद्रावरचे खड्डेसुद्धा स्वच्छ दिसले. "हे शक्य नाही," ते म्हणाले. "मला समोरच्या इमारतीचा नंबर दिसत नाही आणि याला खड्डे दिसतात? याच्याजवळ आधीच काढून ठेवलेला चंद्र आहे. गिऱ्हाईक आलं की तोच दाखवतो." हा अवगुण ठरला. मग फोनने त्यांचं बोट मागच्या भिंगावर ठेवायला सांगून नाडी तपासली आणि 'तुम्ही तणावात आहात' असं कळवलं. "याला कुणी सांगितलं?" योमसाहेबांनी बायकोकडे रोखून बघितलं. हाही अवगुण. फोटोतली नको असलेली माणसं पुसून टाकायची सोय मात्र त्यांनी सासुरवाडीच्या एका जुन्या फोटोवर करून पाहिली. मेहुणा मागच्या झाडासकट गेला आणि त्याच्या जागी सुरेख निळं आकाश आलं. योमसाहेब त्याकडे बराच वेळ बघत राहिले. हा त्यांना निर्विवाद गुण वाटला.

पण फोनची खरी मिजास वेगळीच होती. तो प्रत्येक बोलणं ऐकून ठेवी आणि शेवटी त्याचा सारांश लिहून दाखवी. पहिला सारांश घरातच झाला. सोरिमची आई चिडली की तिच्या माहेरची, पार दक्षिणेकडची बोली तिच्या तोंडी येते. फोनची परीक्षा तिसऱ्या दिवशीही संपेना तेव्हा ती त्या बोलीत पाच-सात वाक्यं बोलून भांडी घासायला गेली. फोनने थोडा विचार केला आणि लिहिलं : 'वक्त्याला शेजारी बसलेल्या व्यक्तीचा कंटाळा आला आहे. निश्चित झालेली कामं : नाहीत.'

"तू असं म्हणालीस?"

"बरंच बरं लिहिलंय की," ती आतून म्हणाली. "मी याहून वाईट म्हणाले होते."

गोष्ट इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावर प्योबाई राहात. एका बँकेत त्यांनी अनेक वर्षं काउंटर सांभाळला होता आणि तिथे म्हाताऱ्यांना फोनवरून लुबाडणाऱ्यांच्या इतक्या कथा ऐकल्या होत्या, की त्यांच्या मते सध्या देशात आलेला प्रत्येक संदेश चोराचाच होता. मुळ्याचं लोणचं द्यायच्या निमित्ताने त्या वर आल्या आणि फोनला हात न लावता लांबूनच त्याचं दर्शन घेतलं.

"योमसाहेब, एक लक्षात ठेवा. लग्नाचं आमंत्रण आलं, दाबायचं नाही. कुणी वारल्याचं कळवलं, दाबायचं नाही. पार्सल अडकलंय, मुलगी अडकलीय, तुम्ही अडकलाय, काहीही म्हणू दे. आणि जिथे 'हो' लिहिलंय तिथे तर बोट न्यायचंच नाही! एका 'हो'ने आमच्या एका खातेदाराचं घर गेलं."

"मी काय कुकुलं बाळ आहे?" योमसाहेब म्हणाले. पण आयुष्यात प्रथमच कुणीतरी त्यांच्याहून संशयी भेटलं होतं, आणि त्यांना मनातून प्योबाईंबद्दल आदर वाटला.

चौथ्या दिवशी त्यांनी सारांशाची बाहेर चाचणी घ्यायचं ठरवलं. नावांच्या यादीतून वरून खाली एकेकाला फोन लावायचा, चार शब्द बोलायचे आणि फोन खरं लिहितो की पदरचं घालतो ते बघायचं. त्यांनी दातांच्या डॉक्टरला लावला, मेहुण्याला लावला (तो अजून अस्तित्वात होता), खात्यातल्या जुन्या हाताखालच्या माणसाला लावला, विमेवाल्याला लावला. आणखी पाच जणांना आणि प्योबाईंनाही लावला. सगळ्यांशी हवापाण्याचं बोलणं झालं आणि सगळ्यांना फोन ठेवताना ते रीतीप्रमाणे म्हणाले, "बरं मग, एकदा जेवायला भेटू या."

आता हे वाक्य चोंग्जूत काय किंवा सोलमध्ये काय, सगळेच म्हणतात. फोन ठेवताना म्हणतात, लिफ्टचं दार लागताना म्हणतात, बस सुटताना धावत म्हणतात. त्याचा जेवणाशी काही संबंध नाही. समोरच्याने 'हो हो, नक्की' म्हणायचं आणि आपापल्या वाटेने जायचं. यावर 'कधी?' असं विचारणारा माणूस सगळ्या देशात सापडणार नाही, आणि सापडला तर त्याच्या घरचे त्याला एकटं बाहेर सोडत नसतील.

फोनने विचारलं. 'भेट ठरली आहे : जेवण. दिवस ठरलेला नाही. सर्वांच्या सोयीचा दिवस पाहू का?' खाली दोन चौकोन होते. एकात 'हो' आणि दुसऱ्यात 'पुन्हा विचारू नका'.

योमसाहेब हसले. प्योबाईंचा तो खातेदार इथेच फसला असणार. 'हो'कडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. "पुन्हा विचारायचं नाही मला, कळलं?" असं फोनला दटावून त्यांनी दुसरा चौकोन दाबला. फोन मुकाट्याने गप्प झाला. त्या गप्प होण्याचा अर्थ 'यापुढे न विचारता मीच करीन' असा होता, हे त्यांना नंतर कळलं.

त्याच भरात यादीत बोट घसरलं आणि फोन लागला तो बोंगला.

बोंग जे-हू म्हणजे योमसाहेबांचा पाणीखात्यातला जोडीदार. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागले, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून म्हातारे झाले. दर शनिवारी दुपारी मुसिम ओढ्याजवळच्या खानावळीत बैलाच्या हाडांचा रस्सा आणि भात खायचा, आणि मग तिथेच कोपऱ्यातल्या पटावर बादुकचा डाव मांडायचा. काळ्या सोंगट्या बोंगच्या, पांढऱ्या योमच्या. त्या सगळ्या वर्षांत दोघांनी एकमेकांना 'एकदा जेवायला भेटू या' असं कधी म्हटलं नाही. योम फोन करून एवढंच म्हणत, "निघ." बोंग निघे.

दोन हिवाळ्यांपूर्वी बोंगने एक सोंगटी चुकीच्या घरात ठेवली. ठेवता ठेवताच त्याला कळलं. "अरे थांब. एक चाल मागे घेतो. एवढी एकच." कुठल्याही बागेत, कुठल्याही पटावर दोन म्हातारे हे एकमेकांना देतात. योमसाहेबांना मात्र वाटलं, हा मुद्दाम चुकला, आपण पुढे काय खेळणार ते बघून घेतलं आणि आता मागे घेतोय. "ठेवली ती ठेवली," ते म्हणाले. बोंगने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं, टोपी घातली आणि तो निघून गेला. त्याच्या वाटीतला रस्सा तसाच राहिला. त्यानंतर ओढ्याकाठी ते दोनदा समोरासमोर आले आणि दोन्ही वेळा दोघांना अचानक बदकं बघावीशी वाटली.

"कोण?" फोनवर बोंगचा आवाज आला.

"मी. योम. चुकून लागला."

"हां."

"थंडी पडलीय," योमसाहेब म्हणाले. "पडलीय," बोंग म्हणाला. "गुडघे?" "आहेत." शेवटी योमसाहेबांचं तोंड सवयीने उघडलं आणि ते म्हणून गेले, "बरं मग. एकदा जेवायला भेटू या."

"हो," बोंग म्हणाला, "भेटू या." आणि फोन ठेवला.

मग योमसाहेबांच्या लक्षात आलं. विमेवाल्याला म्हटलं तेच आपण बोंगला म्हटलं होतं, आणि त्यानेही विमेवाल्यासारखंच उत्तर दिलं होतं. त्या रात्री ते भात टाकून उठले. सोरिमच्या आईने विचारलं, तर म्हणाले की नव्या फोनच्या लहरींमुळे भूक मरते. आणखी एक अवगुण.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं न्याहारीला बसले असताना छतातला कर्णा खरखरला. प्रत्येक घराच्या छतात व्यवस्थापन कचेरीचा एक कर्णा असतो. पाणी बंद, धूरफवारणी, चौदाव्या मजल्यावरून खाली सिगारेट टाकणाऱ्याने लाज बाळगावी, असं सगळं त्यातून सांगतात. आज व्यवस्थापक चे यांचा घोगरा आवाज आला.

"सर्व रहिवाशांनी लक्ष द्यावं. मोफत जेवणाचं आमिष दाखवणारा फसवणुकीचा संदेश आपल्या इमारतीत फिरतो आहे. कृपया कोणीही दाबू नये."

"बघ," योमसाहेब समाधानाने म्हणाले. "लोक काहीही दाबतात."

"हा संदेश," चे पुढे म्हणाले, "आठशे दोनमधले रहिवासी श्री. योम दोक-चान यांच्या नावाने पाठवला जात आहे. शनिवारी दुपारी बारा वाजता आपल्याला ते जेवू घालणार, असं त्यात म्हटलं आहे. श्री. योम यांना ओळखणाऱ्यांच्या यातली लबाडी लगेच लक्षात येईलच. धन्यवाद."

योमसाहेबांचा चमचा सूपच्या वाटीत पडला. समोर सोरिमची आई तोंडाला पदर लावावा तसा हात लावून बसली होती. ती रडत नव्हती हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

त्यांनी फोन उघडला. फोनने खरंच पुन्हा विचारलं नव्हतं. ज्याला ज्याला त्यांनी जेवायला भेटू या म्हटलं होतं, त्या सगळ्यांना त्याने कळवून टाकलं होतं : 'आपलं ठरल्याप्रमाणे शनिवारी दुपारी बारा वाजता मावशीच्या खानावळीत जेवायला भेटू या. येणार असाल तर खाली दाबा. योम दोक-चान.' त्यांच्या यादीत खानावळ एकच होती, ओढ्याजवळची. तिथे टेबलही राखून झालं होतं. प्योबाईंना हा संदेश पोचला तेव्हाच त्या तडक कचेरीत गेल्या असणार.

त्यांनी घाईघाईने 'संदेश मागे घ्या' शोधून काढलं आणि दाबलं. फोन म्हणाला, 'मागे घेण्याची मुदत संपली आहे.'

"अरे, एकदा!" योमसाहेब फोनवर ओरडले. "एवढा एकच मागे घेऊ दे!"

"हे मी कुठेतरी ऐकलंय," सोरिमची आई भांडी उचलता उचलता म्हणाली. "सगळ्यांचं बोलणं कान देऊन ऐकतो, जगावर संशय घेतो आणि एक चाल मागे घेऊ देत नाही. आठवड्यात तुमच्यावर गेला हो फोन."

उत्तरं आली होती. दातांच्या डॉक्टरने 'कोण तुम्ही?' असं विचारलं होतं. मेहुण्याने लिहिलं होतं, 'चोरा, माझे भावजी पाण्याचा पेला देतानासुद्धा मोजून देतात. दुसरं सावज बघ.' आणि सगळ्यात खाली बोंगचं एका शब्दाचं उत्तर होतं : 'येतो.'

योमसाहेबांनी ते तीन-चारदा वाचलं. का येतो? तोंडावर काही सुनवायला येतो? की आपण तिथे सगळ्यांसमोर एकटे बसलेले दिसावं म्हणून 'येतो' म्हणून येतच नाही? पाल आज नुसती चुकचुकत नव्हती, भिंतभर पळत होती.

ते खाली कचेरीत गेले. व्यवस्थापक चे यांनी त्यांना खुर्ची दिली, बार्लीचा चहा दिला आणि सांत्वन केलं. "वाईट झालं, साहेब. नावाची बदनामी."

"तुम्ही पुन्हा कर्ण्यावरून सांगा की फसवणूक नाही म्हणून."

"म्हणजे जेवण खरं आहे?" चे यांनी कप खाली ठेवला.

योमसाहेब अडकले. खरं म्हणावं तर सगळ्या इमारतीला जेवू घालायची पाळी. खोटं म्हणावं तर सगळ्यांना आपण तोंडदेखलं बोललो हे कबूल करायचं. "संदेश माझ्याच फोनवरून गेलाय," ते म्हणाले. "एवढंच सांगा."

"सांगतो की. पण तुम्ही तुम्हीच आहात हे आधी सिद्ध व्हायला हवं. नियम आहे. तुमच्या फोनवर एक आकडा येईल, तो मला सांगा."

आकडा आला नाही. प्योबाईंनी फोन कंपनीलाही कळवलं होतं आणि कंपनीने संशयित म्हणून तो नंबर नुकताच बंद करून टाकला होता. योमसाहेबांनी चे यांच्या टेबलावरच्या फोनवरून कंपनीला गाठलं. पलीकडची मुलगी अगदी गोड होती. नंबर लगेच चालू करते म्हणाली. फक्त तुम्ही योम दोक-चानच आहात हे कळण्यासाठी तुमच्या फोनवर पाठवलेला आकडा मला सांगा.

"अहो, तो बंद आहे!"

"हो ना, म्हणूनच आकडा हवाय."

"मी बत्तीस वर्षं या शहराला पाणी पाजलंय!" योमसाहेब म्हणाले, पण त्याने ते योम आहेत हे सिद्ध होत नव्हतं. चे यांनी आणखी थोडा चहा ओतला.

घरी आले तर दारात प्योबाई उभ्या होत्या, हातात तांदळाच्या वड्यांचं ताट. "लुबाडल्या गेलेल्या माणसाला एकटं वाटू नये म्हणून आणल्या," त्या म्हणाल्या. त्यांच्या मागोमाग नवव्या मजल्यावरचे आले आणि खरंच वाईट वाटल्यासारखं पाठीवर थोपटून गेले. या वेळी योमसाहेबांना त्यांना काय पाहिजे असेल हे विचारायचंही सुचलं नाही. सगळं जग त्यांच्या बाजूने होतं. आता काहीच केलं नाही, शनिवारी नुसतं घरात बसून राहिलं, तर फसवणूक ती फसवणूक, जेवण ना खर्च, मान शाबूत आणि वर तांदळाच्या वड्या.

फक्त बोंग ओढ्यापलीकडे मुलाकडे राहायला गेला होता. तिथे हा कर्णा नव्हता. तो येणार होता आणि त्याला 'येऊ नको' सांगायला फोन नव्हता.

"माझ्या फोनवरून सांगा ना," सोरिमची आई म्हणाली.

"काय सांगू? की फोन चुकला? म्हणजे मला तू यायला नको होतास, असंच ना?"

"मग जा."

"आणि तो नाही आला तर?"

सोरिमच्या आईने एक वडी तोडून त्यांच्या हातावर ठेवली. "अहो, त्याने दोन वर्षांत तुम्हाला एक शब्द दिलाय. त्याचंही मीटर तपासताय होय?"

शनिवारी योमसाहेब बाराच्या बरेच आधी निघाले, पण खानावळीत शिरले नाहीत. शेजारच्या किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानाआड उभे राहून ते काचेतून आत डोकावू लागले. बोंग आला तरच आपण जायचं, नाही आला तर आपण आलोच नव्हतो, असं त्यांनी ठरवलं होतं. आत कुणी दिसेना. त्यांनी मान आणखी लांब केली, आणि त्यांना दिसलं की काचेच्या पलीकडच्या टोकाला, बसथांब्याच्या पाटीआडून, आणखी एक मान लांब झाली आहे. तिच्यावर ओळखीची तपकिरी टोपी होती.

दोन्ही माना एकदमच मागे गेल्या. तेवढ्यात खानावळीचं दार उघडलं आणि मावशी पळी हातात घेऊन बाहेर आल्या. मावशी म्हणजे मालकीणबाई. त्यांचं वय या दोघांएवढंच असलं तरी गिऱ्हाइकांच्या त्या मावशीच होत्या. "काय रे दोघं चोरासारखे!" त्या रस्ताभर ऐकू जाईल अशा ओरडल्या. "दोन वर्षांनी तोंड दाखवताय ते दुकानाआडून? आणि बारा माणसांचं टेबल राखून ठेवलंय ते कुणाच्या बापासाठी?"

टेबल खरंच बारा माणसांचं होतं. बारा वाट्या, बारा चमचे, बारा जोड काड्या, आणि मधे किमची, मुळा, पालेभाजी, वाळलेल्या बारीक मासळीच्या बशा ओळीने मांडलेल्या. एका टोकाला योम बसले, दुसऱ्या टोकाला बोंग. मग एवढ्या लांबून बोलणं जमेना म्हणून बोंग कुरकुरत उठला आणि समोर येऊन बसला.

"बाकीचे?" त्याने विचारलं.

"येतील."

"येत नाहीत ते. तुझा मेहुणा मला बसमध्ये भेटला. चोरांचा संदेश आहे म्हणाला. तुझा नंबर बंद लागतो, म्हणजे तू हुशारीने तक्रारही केली असणार म्हणाला."

योमसाहेबांनी मुळ्याचा एक तुकडा उचलला आणि परत ठेवला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मी पाठवला नव्हता," ते म्हणाले. "फोनने पाठवला."

"मला ठाऊक होतं तुझा नाही ते."

"कसं?"

"तू कधी 'जेवायला भेटू या' म्हणालास मला? तू 'निघ' म्हणायचास." बोंगने टोपी काढून मांडीवर ठेवली. "फोनवर तू ते म्हणालास ना परवा, तेव्हा मला कसंतरीच झालं. म्हटलं, झालं. संपलं आपलं."

"मग चोराचा संदेश आहे हे कळूनही आलास कशाला?"

बोंगने वाफ येणारी वाटी जवळ ओढली, त्यात मीठ टाकलं, कांद्याची पात टाकली. "म्हटलं, चोर तर चोर," तो वाटीकडे बघत म्हणाला. "बघून तरी येऊ, आपल्याला जेवू घालावंसं कुणाला वाटलं ते."

रस्सा फार गरम आहे असं दाखवून योमसाहेबांनी चष्मा काढला आणि पुसला. मग दोघं मान खाली घालून जेवले. मावशींनी न मागता दोनदा भात वाढला आणि दहा माणसांच्या बशाही यांच्यासमोरच सरकवल्या, कारण वाया घालवायची त्यांना चीड होती.

"कसाय फोन?" बोंगने पट्टा सैल करत विचारलं.

योमसाहेबांनी तो खिशातून काढून टेबलावर ठेवला. नंबर अजून बंद होता. "चंद्र खोटा काढतो," ते म्हणाले. "नाडी चोरून बघतो. कान तीक्ष्ण, अक्कल शून्य. माणूस बोलायचं म्हणून जे बोलतो, ते हा खरं धरून बसतो."

"मग परत करणार?"

"आजच न्यायला येणार आहे तो कुरियरवाला." योमसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. माणूस येऊन गेला असणार. "घरी कुणी देणार नाही त्याला. फोन इथे आहे."

मावशींनी बशा आवरल्या आणि कोपऱ्यातला पट आणून रिकाम्या टेबलावर आपटला. सोंगट्यांच्या दोन्ही वाट्यांवर धूळ होती. बोंगने बाहीने पट पुसला आणि डाव्या कोपऱ्यात एकेक सोंगटी मांडायला लागला, काळी, पांढरी, काळी, पांढरी. योमसाहेबांनी ओळखलं. तोच कोपरा होता. बोंगने शेवटची काळी सोंगटी त्या चुकीच्या घरात ठेवली आणि हात मांडीवर घेतला. या वेळी चाल मागे मागितली नाही.

योमसाहेबांनी हात पुढे केला, ती काळी सोंगटी पटावरून उचलली आणि बोंगच्या तळहातावर ठेवली.

बोंगने सोंगटीकडे पाहिलं, मग योमकडे पाहिलं, आणि त्याचे डोळे बारीक झाले. "का रे?" त्याने विचारलं. "यात तुझा काय डाव आहे?"

"हाच," योमसाहेब म्हणाले. "खेळ."